जाळीबाहेरचा कोच

कासिम मुकादम यांच्या नोकरीचं वर्ष अकरा महिन्यांचं होतं. बाराव्या महिन्यात ते नोकरीवर नसत, एवढाच फरक. काम तेव्हाही करत.

नेरूळच्या खाडीकाठ शिक्षण संस्थेच्या कॉलेजात मुलींच्या हॉकी संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी सात वर्षं काढली होती, म्हणजे अकरा-अकरा महिन्यांचे सात करार. माणसाला सलग बारा महिने कामावर ठेवलं की तो कायम होण्याच्या गोष्टी बोलू लागतो, अशी संस्थेची धारणा होती. म्हणून दर वर्षी मे महिन्यात संस्था कासिमसरांना एकतीस दिवस ओळखत नसे आणि एक जूनला त्यांची नव्याने ओळख करून घेई. दुसऱ्या वर्षी तर एक जूनला वॉचमनने त्यांना फाटकावर थांबवून “कोणाला भेटायचंय?” असं विचारलं होतं. कासिमसर म्हणाले, “मलाच.” वॉचमनने वहीत तसं लिहून घेतलं.

मे महिन्यात कॉलेज बंद, मुली गावाला, मैदान क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात. त्यामुळे ही अनोळख कुणाला जाणवत नसे. कासिमसर उरणच्या बाजूला आपल्या गावी जात, ओट्यावर बसून आंबे खात आणि कोयी मांडून पुढच्या वर्षीच्या संघाची आखणी करत.

या गावातच त्यांना हॉकी लागली होती. वडील जहाजावर स्वयंपाकी. एका फेरीत त्यांनी मोंबासाहून मुलासाठी खरीखुरी हॉकी स्टिक आणली. अख्ख्या गावात ती एकच स्टिक. त्यामुळे लहानपणी कासिम कुणाकडून कधी हरला नाही. नेमकं सांगायचं तर कुणाशी कधी खेळलाही नाही. तो एकटाच धक्क्याच्या फरशीवर चेंडू ढकलत असे आणि बाकीची मुलं रांग लावून स्टिकला हात लावून जात. पुढे पनवेलच्या शाळेत गेल्यावर त्याला कळलं की या खेळात समोरही अकरा माणसं असतात. हा धक्का पुरता ओसरला असं म्हणता येणार नाही. कासिमसरांची सगळी डावपेचविद्या त्यातूनच निघाली होती: समोर माणसं आहेत, आणि ती येणार आहेत.

मधल्या काळात ते बंदराजवळच्या एका कंपनीच्या संघात डावा हाफ म्हणून दहा वर्षं खेळले. मग कंपनीला एक दिवस शोध लागला की हॉकीमुळे मालाची चढउतार काही वाढत नाही. संघ बंद झाला. कासिमसर स्टोअरमध्ये बसले, तिथून बाहेर पडले आणि शेवटी नेरूळच्या तांबड्या मातीच्या मैदानावर येऊन उभे राहिले, गळ्यात शिट्टी घालून.

त्यांच्या खेळाला मुलींनी नाव ठेवलं होतं ‘दार बंद’. समोरच्या संघाला चेंडू खुशाल द्यायचा. आपण सगळ्यांनी मैदानाच्या आपल्या अर्ध्यात उभं राहायचं, मधून वाट ठेवायची नाही, कडेने ठेवायची. त्या आल्या की त्यांना हळूहळू कडेच्या रेघेकडे रेटायचं, आणि तिथे तिघींनी मिळून चेंडू काढून घ्यायचा.

“कडेची रेघ आपली बारावी मुलगी आहे,” कासिमसर सांगत. “ती दमत नाही, पाणी मागत नाही, घरी लग्न आहे म्हणून प्रॅक्टिस चुकवत नाही.”

योजना उत्तम होती. तिच्यात दोष एकच, तो म्हणजे कासिमसर. एरवी हा माणूस भाजीवाल्याशीही आवाज चढवून बोलत नसे. सामना सुरू झाला की मात्र त्यांच्या अंगात काहीतरी संचारे. पाचव्या मिनिटाला ते स्वतःचीच योजना मोडीत काढत. “दार बंद!” म्हणून ओरडत, तोच चेंडू आपल्या मुलीकडे आलेला दिसला की “जा, जा, सगळ्या जा!” सगळ्या गेल्या की “परत या, मेलो मी!” मुली पुढे धावत, मागे धावत, आणि तिसऱ्या पंधरा मिनिटांत त्यांच्या पायांत काही उरत नसे. सुचिता ही त्यांची सगळ्यात चपळ फॉरवर्ड. तिला विश्रांतीला बाहेर घ्यायचं म्हणून ते दर सामन्याआधी ठरवत आणि ती इतकी छान खेळतेय हे बघून घेत नसत. शेवटी ती इतकी वाईट खेळू लागे की तिला बाहेर घेणं तिच्या मनाला लागेल म्हणून घेत नसत. सात वर्षांत संघ उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेला नव्हता.

“तुमी गप बसलात तर पोरी जिंकतील,” त्यांची बायको साबिरा म्हणायची. ती सेक्टरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. समोरच्याला कळायच्या आत सुई टोचून काढून घ्यायची तिची सवय घरीही सुटत नसे.

“कोच गप बसतो का कधी?” कासिमसर.

“मंग घरी बसंल.”

घरी बसण्याचा प्रश्न खरोखरच उभा राहिला तो संस्थेला नवे सचिव मिळाल्यावर. उदयसिंह निंबाळकर मूळचे फलटणकडचे. वाशीपासून ऐरोलीपर्यंत शंभरेक इमारतींच्या फाटकांवर त्यांच्या एजन्सीचे गार्ड उभे असत. शिस्तीचा माणूस. आल्या आल्या त्यांनी संस्थेच्या फायली मागवल्या आणि पाहिलं की कुणाचा करार जूनपासून, कुणाचा ऑगस्टपासून, माळ्याचा तर गुढीपाडव्यापासून आहे. त्यांना ते सहन झालं नाही. सगळे करार एक जानेवारी ते तीस नोव्हेंबर असे एका ओळीत आणले गेले. डिसेंबर हा सगळ्यांचाच रिकामा महिना ठरला. तक्ता फार सुरेख दिसत होता. आंतरमहाविद्यालयीन हॉकी स्पर्धा दर वर्षी डिसेंबरात असते, हे तक्त्यात कुठे दिसत नव्हतं.

कासिमसरांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण ते बोलले नाहीत. स्पर्धा डिसेंबरात असते असं सांगितलं तर ‘मग बाकीचे अकरा महिने तुम्ही काय करता?’ असं कुणीतरी विचारेल, ही त्यांना भीती. इतके महिने आहेत, काहीतरी होईलच, असं म्हणता म्हणता नोव्हेंबर आला आणि उदयसिंहांनी त्यांना बोलावून घेतलं.

“मुकादमसर, मी तुमची प्रॅक्टिस बघितली. पोरी उभ्या असतात.”

“उभ्या नसतात साहेब, जागा धरून असतात.”

“तेच. अटॅक कुठाय? मी मोबाइलवर बघतो ना हॉकी, मोठमोठ्या देशांची. नुसते तुटून पडतात. आपल्या पोरी दारात सासू उभी असल्यासारख्या उभ्या. नाही, नाही. असं करा. या वर्षी फायनल. फायनल गाठली तर जानेवारीत करार, नाहीतर मी दुसरा माणूस बघतोय. ऐरोलीचा आहे, लॅपटॉप घेऊन येतो.”

ज्या माणसाचा सगळा धंदा फाटकावर उभं राहणाऱ्या लोकांवर चालतो, त्याला उभं राहण्याचा इतका तिटकारा असावा, याचं कासिमसरांना नवल वाटलं. पण करार संपायला अजून बारा दिवस होते, म्हणून नवल त्यांनी मनातच ठेवलं.

तिथून ते तडक ऑफिसात गेले, मालतीबाईंकडे. मालती मढवी या कॉलेजच्या कार्यालय अधीक्षक. इथल्याच शिरवणे गावच्या. त्यांच्या वडिलांच्या शेतावर आता तीन सेक्टर उभे आहेत आणि त्या रोज त्यातल्या दोन सेक्टरांतून चालत कामावर येतात. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद बिनशिक्क्याचा सुटलेला नाही. मुलींच्या संघाबरोबर एक महिला कर्मचारी लागते, म्हणून त्या दर वर्षी मॅनेजर या नात्याने स्पर्धेला जात, बाकावर बसत, औषधाची पेटी सांभाळत आणि सामना संपेपर्यंत लोकरीचं विणकाम करत. नातवंडांचे सगळे स्वेटर हॉकीच्या मैदानांवर विणलेले.

“बाई, स्पर्धेचा फॉर्म गेला का?”

“कालच गेला.”

“प्रशिक्षकाच्या रकान्यात काय लिहिलंत?”

मालतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचं नाव कसं लिवू, सर? डिसेंबरात तुमी हाय कुठं? खोटा कागद मी करत नाय.”

“मग मोकळा सोडलात?”

“मोकळा? तीस वर्सांत मी रकाना मोकळा सोडला नाय.” त्यांनी फॉर्मची प्रत पुढे सरकवली. मॅनेजर: मालती मढवी. प्रशिक्षक: मालती मढवी.

कासिमसरांनी ती प्रत दोनदा वाचली. मैदानाभोवतीच्या जाळीच्या आत फक्त फॉर्मवरचीच माणसं येऊ शकतात, हा स्पर्धेचा नियम त्यांना ठाऊक होता. म्हणजे आपली नोकरी ज्या चार दिवसांवर ठरणार, त्या चार दिवसांत आपण पब्लिक.

“बाई, तुम्हाला हॉकीतलं काय कळतं?”

“काय बी नाय. पन तुमी लिवून द्या. लिवलेला मना समजतं.”

तीस नोव्हेंबरला, कराराच्या शेवटच्या दिवशी, कासिमसरांनी एक कागद लिहून दिला. कोणत्या मिनिटाला कोण बाहेर, कोण आत. पहिल्या पंधरा मिनिटांत मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, दोघी फॉरवर्ड सोडून. पेनल्टी कॉर्नर मिळाला तर कोण ढकलणार, कोण अडवणार, कोण मारणार. कॅप्टन भाविकाने सेंटर हाफची जागा सोडायची नाही, काही झालं तरी. चार भागांचा सामना, प्रत्येक भागाची वेगळी कलमं. शेवटच्या भागाला एकच ओळ: ‘जे चाललंय ते चालू द्यावं.’ लिहिता लिहिता त्यांना वाटलं, इतकी छान योजना आपण याआधी कधी राबवली कशी नाही? उत्तर सुचायच्या आत मालतीबाईंनी कागद ओढून घेतला आणि त्यावर शिक्का मारला.

पहिला सामना मुंबईतल्या एका टर्फवर होता. कासिमसर जाळीबाहेर, बाकांच्या बरोबर समोरच्या बाजूला, कारण प्रेक्षकांना तिथेच उभं राहायची परवानगी. मधे अख्खं मैदान. त्यांनी नेहमीप्रमाणे ओरडायला सुरुवात केली. त्यांच्या डोक्यावरच लाउडस्पीकर होता, आणि त्यावरून कुणाच्या तरी गाडीचा नंबर सांगून ती हलवायची विनंती सतत चालली होती. मैदानावर त्यांचा एक शब्दही पोचत नव्हता. शेजारचा लिंबूसरबतवाला तेवढा प्रत्येक सूचना लक्ष देऊन ऐकत होता.

पलीकडे मालतीबाई उभ्या होत्या. विणकाम पिशवीत. एका हातात कागद, एका हातात घड्याळ. सातव्या मिनिटाला सुचिता चेंडू घेऊन सुसाट निघाली होती, समोर दोघीच उरल्या होत्या. तिने चेंडू पुढे दिला मात्र, मालतीबाईंनी तिला हाक मारून बाहेर घेतलं.

“बाई! मी गोलसमोरच्या डीमध्ये घुसणार होते! आत्ता गोल झाला असता!”

“कागदात सातवा मिनिट हाय. बस. पानी पी.”

“पण बाई—”

“बाराव्या मिनिटाला परत जायचा हाय. तवा मार तो गोल.”

जाळीबाहेर कासिमसरांनी डोक्याला हात लावला. बाराव्या मिनिटाला सुचिता आत गेली. तिचा श्वास पुन्हा जागेवर आला होता, आणि राग मात्र होता तसाच शिल्लक होता. चौदाव्या मिनिटाला तिने गोल मारला आणि तो मालतीबाईंकडे बघत मारला. मालतीबाईंनी कागदावर टिक केली.

संघ दोन-शून्यने जिंकला. पोरी शेवटच्या भागातही धावत होत्या, हे दृश्य कासिमसर सात वर्षांत प्रथमच पाहत होते. दुसऱ्या सामन्यापर्यंत त्यांचा घसा बसला. त्यामुळे ते नुसते बघत उभे राहिले, आणि बघितल्यावर त्यांना दिसू लागलं. दार खरोखरच बंद होत होतं. समोरच्या मुली येत, वाट शोधत, आपसूक कडेला सरकत, आणि तिथे ती बारावी मुलगी त्यांची वाट बघत असे. एक-शून्य. तिसरा सामना उपांत्य फेरीचा, तोही एक-शून्य. मालतीबाईंच्या कागदावर टिकच्या खुणा वाढत गेल्या.

फायनल गाठली होती. उदयसिंहांची अट पुरी झाली होती. कासिमसर घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

“हरलात?” साबिराने विचारलं.

“जिंकलो.”

“मंग कोन मेलं?”

कासिमसरांनी तिला समजावून सांगितलं. हरलो असतो तर नोकरी गेली असती. जिंकलो तर माझ्याशिवाय जिंकलो. कोचशिवाय संघ फायनलला जातो, हे सचिवांच्या लक्षात आलं की कोच ठेवायचा कशाला?

साबिराने क्षणभर विचार केला. “म्हंजे मी बोलत होते ता बरोबर होता. तुमी गप बसलात, पोरी जिंकल्या.”

“मी गप नव्हतो बसलो. घसा बसला होता.”

“कायतरी बसला ना!” म्हणत ती उठली आणि त्यांच्यासाठी मिठाच्या गुळण्यांचं पाणी तापवायला ठेवलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने गॅस बंद केला. “नकोच. फायनल झाली की करा गुळण्या.”

फायनलला उदयसिंह स्वतः आले. मानाच्या खुर्चीवर बसायचं सोडून ते जाळीपाशी चक्कर मारायला आले, तर तिथे सरबतवाल्याशेजारी कोच.

“मुकादमसर! तुम्ही इकडं कसे?”

“करार नाही ना साहेब. डिसेंबर आहे.”

“अरे हो.” आपल्या तक्त्याची आठवण होऊन ते प्रसन्न झाले. “मग संघ कोण चालवतंय?”

“मालतीबाई.”

“आपल्या? ऑफिसातल्या?” उदयसिंहांनी पलीकडे पाहिलं. मालतीबाई कागद आणि घड्याळ घेऊन खांबासारख्या उभ्या. “बघा! म्हणजे होतंय की!”

ज्याची भीती होती ते वाक्य हेच. कासिमसरांनी सरबत सांगितलं.

समोरचा संघ तगडा होता. दार त्यांनीही ओळखलं होतं. त्या घाईच करत नव्हत्या. तिसऱ्या भागात एक चेंडू कुणाच्या तरी बुटाला लागला, त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि त्यांनी गोल केला. शून्य-एक. तिसरा भाग संपला. उरली शेवटची पंधरा मिनिटं.

मुली मालतीबाईंभोवती जमल्या. मालतीबाईंनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. इतक्या लांबूनही कासिमसरांना कळलं की त्या काय वाचताहेत. ‘जे चाललंय ते चालू द्यावं.’ आणि चाललं होतं ते हरणं.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी, कारण कासिमसरांनी ती पुढे साबिरापाशी कबूल केली. अर्धं मिनिट त्यांना आनंद झाला. कागद संपला. आता पाहिजे माणूस! आता कळेल सगळ्यांना! शेजारी उदयसिंहही “आता बघू काय करतात बाई” म्हणून जाळीला टेकले होते. याहून सोयीची वेळ कुठल्याही कोचच्या नशिबी आली नसेल. फक्त उभं राहायचं आणि हरू द्यायचं. मग त्यांनी भाविकाकडे पाहिलं. ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या कोऱ्या कागदाकडे बघत होती, जणू नीट पाहिलं तर अक्षरं उमटतील.

कासिमसरांनी सरबताचा पेला सचिवांच्या हातात दिला आणि पळत सुटले.

अख्ख्या मैदानाला वळसा घालायचा होता. वय चौपन्न, पायात सँडल. कोपऱ्यावर एका राखीव गोलकीपरच्या किटबॅगेला अडखळले, सावरले, “सॉरी बेटा” म्हणाले, पळाले. बाकांच्या मागच्या जाळीला येऊन धडकले तेव्हा पंच शिट्टी तोंडात धरत होते.

“काय?” मालतीबाई वळल्या.

कासिमसरांनी तोंड उघडलं. घसा बसलेला आणि दम लागलेला. आतून नुसती हवा आली. सात वर्षांत ज्या माणसाने एका मिनिटात सहा परस्परविरोधी सूचना दिल्या होत्या, त्याला एकही देता येत नव्हती. शेवटी त्यांनी जाळी सोडली, दोन्ही तळवे छातीपाशी जोडले आणि दाराची दोन फळकुटं सताड उघडावीत तसे हात दोन्ही बाजूंना नेले. मग भाविकाकडे बोट केलं आणि ते बोट पुढे, समोरच्या गोलकडे नेलं.

मालतीबाईंनी मुलींकडे पाहिलं. “समजला? दार उघडा. भाविका, तू वर.”

“बाई, कागदात तर लिहिलंय काही झालं तरी जागा सोडायची नाही.”

“त्यो कागद आता दप्तरी दाखल. जा.”

भाविका गेली. पंधरा मिनिटं दार सताड उघडं होतं. समोरच्यांना आपल्या गोलपर्यंत मोकळी वाट होती आणि गोलकीपर बतूलने दोनदा अंगावर चेंडू घेऊन ती अडवली. पण एवढा वेळ निवांत खेळलेल्या त्या तगड्या मुली एकाएकी गोंधळल्या. जिथे दोघींपलीकडे कधी कुणी येत नव्हतं तिथे आता पाचजणी होत्या, आणि पाचहीजणींच्या पायांत जीव होता. तीन मिनिटं उरली असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि भाविकाने मारलेला चेंडू गोलच्या फळीवर असा वाजला की सरबतवाल्यानेही गल्ला सोडून टाळ्या पिटल्या.

एक-एक. पुढे शूटआऊटमध्ये संघ एका गोलने हरला. उपविजेतेपद. मुली दहा मिनिटं रडल्या, मग चषकात मोबाइल ठेवून गाणी लावली आणि नेरूळपर्यंत बसमध्ये नाचल्या. मालतीबाईंनी पिशवीतून विणकाम काढलं.

वर्ष संपायच्या दोन दिवस आधी समितीची बैठक झाली. टेबलावर चषक, टेबलापलीकडे उदयसिंह, बाजूला इतिवृत्त लिहायला मालतीबाई. कासिमसरांना खुर्ची दिली होती, पण ती टेबलापासून जरा लांब.

“अभिनंदन सगळ्यांचं,” उदयसिंह म्हणाले. “आता माझ्यापुढं प्रश्न असा की, अट तुम्ही पुरी केली. पण केली कुणी? मैदानात होत्या मढवीबाई. मी म्हणतो, बाईंनाच अतिरिक्त कार्यभार देऊ. कागद तर तयारच आहे.”

“साहेब, त्यो कागद गेल्या स्पर्धेचा,” मालतीबाई मान वर न करता म्हणाल्या. “पुढच्या वर्सी समोरच्या पोरी वेगल्या, आपल्या वेगल्या. जुन्या पत्राचा उत्तर नव्या पत्राला लावता येत नाय. आनि मी वाचनारी हाय. लिवनारा पायजे.”

हा मुद्दा शिस्तीचा होता, त्यामुळे उदयसिंहांना तो पटकन खोडता आला नाही. ते कासिमसरांकडे वळले. “पण सर, ते उभं राहणं! चार सामने बघा, बहुतेक वेळ आपल्या पोरी उभ्याच.”

डिसेंबर चालू होता. कासिमसरांना नोकरी नव्हती, त्यामुळे बोलायला अडचणही नव्हती.

“साहेब, तुमचा गार्ड बारा तास फाटकावर उभा असतो. काय करतो?”

“लक्ष ठेवतो.”

“कुणावर तुटून पडतो?”

“छे! पडायची वेळच येत नाही. तो उभा आहे म्हणूनच तर—” उदयसिंह थांबले. चषकाकडे पाहिलं. मग मोठ्याने हसले. “मुकादमसर, हे नोव्हेंबरात का नाही सांगितलं?”

“नोव्हेंबरात करार होता.”

करार द्यायचं ठरलं. ऐरोलीच्या माणसाला नकार कळवायचं ठरलं. तेवढ्यात मालतीबाईंनी पेनाचं टोक टेबलावर वाजवलं.

“साहेब, एक कलम वाढवा. सामना चालू असताना प्रशिक्षकानं जालीबाहेर उभं रायाचं. तोंडी सूचना नाय.”

“बाई!” कासिमसर उठलेच.

“चार सामन्यांत तुमचा एक शब्द आत आला नाय. बगा काय झाला.” मालतीबाई लिहीतच होत्या. “अपवाद ठेवते. धावत येऊन हातवारे. एका सामन्याला एकदा.”

“तीनदा तरी!”

“एकदा.”

“दोनदा. फायनलला काय होईल सांगता येत नाही.”

“फायनलला दोन,” मालतीबाईंनी मान्य केलं. “पन आदी फायनल गाठा.”

कासिमसरांनी मसुदा ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून वाचला. कलम जसं सांगितलं तसंच होतं, शुद्ध, शासकीय, पळवाट नसलेलं. मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली. एक जानेवारी ते तीस नोव्हेंबर. स्पर्धा डिसेंबरातच होती. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

“बाई, हे कलम तर अकरा महिन्यांपुरतंच आहे. डिसेंबरात ते मला लागूच नाही. डिसेंबरात मी पब्लिक.”

“बरोबर,” मालतीबाई म्हणाल्या आणि शिक्क्याची डबी उघडली. “पब्लिकला बी जालीबाहेरच उभं रायाचं असतं, सर. सही करा.”

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, आणि मुली सहा वाजल्यापासून मैदानावर खोळंबल्यात असं सांगून ते घाईने निघाले. समितीने त्यांना अडवलं नाही. अजून डिसेंबर होता, त्यामुळे तसा अधिकारही समितीला नव्हता.